रंगावर जाऊ नका, कोंबडीचे तळपाय बघा

पट्ट्यापट्ट्याची कोंबडी दिसली की आपण ती बार्ड रॉक जातीची म्हणून मोकळे होतो. मी पण त्यातलीच. वर्षभर जिला बार्ड रॉक म्हणून मिरवलं ती अंडी घालायची गडद चॉकलेटी, आणि मला वाटायचं खाण्यामुळे असेल. मग एकदा खुराडं साफ करताना तिला काखेत धरली आणि पाय नीट बघितले, तर पिवळेपणा नावालाही नाही, पांढरट गुलाबी. बाई कुकू मारान्स निघाल्या.

तर या पट्टेवाल्यांत तिघी असतात, बार्ड रॉक, डॉमिनिक आणि कुकू मारान्स. आधी तुरा बघा. डॉमिनिकचा तुरा डोक्याला चपटा बसलेला, वर बारीक दाणे आणि मागे एक टोक, बाकी दोघींचा करवतीसारखा सरळ उभा. डॉमिनिक अंगानेही लहान, साधारण २.३ किलो, रॉक ३.४ किलोपर्यंत जाते. पट्टे रॉकचे पट्टीने आखल्यासारखे, डॉमिनिकचे जरा वेडेवाकडे. रॉक आणि मारान्समध्ये मात्र तुऱ्याने काही कळत नाही, तिथे पायच बघायचे, रॉकचे पिवळे आणि मारान्सचे पांढरट. पण इथे एक गोची आहे, भरपूर अंडी घालणाऱ्या रॉकच्या पायांचा पिवळा रंगही हळूहळू उडतो आणि ती मारान्ससारखी दिसायला लागते, त्यामुळे नवीन तलंगीचे (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीचे) पाय बघून ठरवलेलं बरं, नाहीतर अंड्यावरून. गडद चॉकलेटी अंडं रॉक घालत नाही, संपला विषय. (मारान्सची अंडी मात्र हंगामाच्या शेवटी फिकट होत जातात, तेव्हा एका अंड्यावर निकाल देऊ नका.)

काळ्या कोंबड्यांत ऑस्ट्रलॉर्प की जर्सी जायंट हा घोळ असतो. दोघी काळ्या, उन्हात दोघींवर हिरवी झाक, दोघींचे पाय काळपट. रात्री त्या दांडीवर बसल्या की टॉर्च घेऊन जा, तेव्हा त्या गप्प असतात, अलगद उचलून पंजा उलटा करून बघा. तळवा पिवळा दिसला तर जर्सी जायंट, पांढरट गुलाबी असेल तर ऑस्ट्रलॉर्प. पूर्ण वाढलेल्या असतील तर वजनातही कळतं, जायंट कोंबडी ४.५ किलोच्या आसपास आणि ऑस्ट्रलॉर्प तीनेक किलो, पण जायंट भरायला इतका वेळ घेते की सहा महिन्यांची असताना वजनावर अजिबात भरवसा ठेवू नका. तुम्हाला अंडीच हवी असतील तर माझं मत सरळ ऑस्ट्रलॉर्प. १९२२-२३ मध्ये ऑस्ट्रेलियात सहा ऑस्ट्रलॉर्प कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १,८५७ अंडी घातली होती, आता घरच्या कोंबडीकडून तेवढी अपेक्षा नको, पण रक्तात काय आहे ते कळतं. जायंट घ्यायची तर अंगासाठी घ्या.

लाल कोंबड्या सगळ्यात वैताग. ऱ्होड आयलंड रेड, तिच्यातूनच निवडून काढलेली न्यू हॅम्पशायर (१९३५ मध्ये अमेरिकेत वेगळी जात म्हणून मान्यता), आणि अंड्यांसाठी केलेली लाल सेक्स-लिंक (पिल्लाच्या रंगावरूनच नर-मादी कळावी असा संकर). अस्सल ऱ्होड आयलंड इतकी गडद असते की लांबून काळपट वाटते, न्यू हॅम्पशायर उजळ तांबूस. पण विकायला येणाऱ्या बऱ्याच 'रेड' या दोन्हींच्या मधल्याच कुठल्यातरी रंगाच्या असतात, म्हणून मी पाठीवरच्या पिसांवर फुंकर मारते. पिसं बाजूला झाली की मुळाशी कापसासारखी लव दिसते, ऱ्होड आयलंडची ती पण लाल, न्यू हॅम्पशायरची फिकट सॅमन (गुलाबीसर नारिंगी), आणि पांढरी दिसली, शेपटीतही पांढरं पीस असलं, तर बहुतेक सेक्स-लिंक. अंडी ती रग्गड देते, त्यात वाद नाही, पण संकर असल्यामुळे तिची पिल्लं तिच्यासारखी निघत नाहीत. घरचीच पिल्लं वाढवायची असतील तर पहिल्या दोघींपैकी एक घ्या, त्यातही खुडूक होऊन स्वतः अंड्यांवर बसणारी हवी असेल तर न्यू हॅम्पशायरकडून जास्त आशा, ऱ्होड आयलंडला बसायचा कंटाळा.