‘मान्यताप्राप्त’ एमबीए आणि 48,000 रुपये

इंदूरमध्ये ऑनलाइन एमबीएच्या नावावर माझ्या धाकट्या बहिणीचे 48,000 रुपये गेले, आणि नोकरी जाता जाता वाचली. संस्थेचं नाव देत नाही. तक्रार चालू आहे हे एक कारण. दुसरं म्हणजे नावाचा तुम्हाला उपयोग नाही, ही मंडळी पाटी बदलून पुन्हा दुकान मांडतात. पद्धत बदलत नाही, म्हणून पद्धत सांगतो.

बहीण एका खासगी रुग्णालयात बिलिंगला आहे. वरच्या जागेसाठी पदव्युत्तर पदवी लागते. घरी लहान मुलगी, शिफ्टची ड्यूटी, त्यामुळे ऑनलाइनशिवाय पर्याय नव्हता. भंवरकुआंच्या कोचिंगवाल्या गर्दीत दुसऱ्या मजल्यावर यांचं ऑफिस. काउन्सेलर मुलगी गोड बोलणारी, आल्या आल्या चहा विचारणारी. चौकशी न करता पैसे भरतात म्हणून लोक फसतात, असं सगळे म्हणतात. हिने पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "मान्यता आहे ना?" गोम अशी की या प्रश्नाचं उत्तर तिथे लॅमिनेट करून तयार होतं.

"मॅडम, फुल्ली अप्रूव्ड है," म्हणत तिने फाइल पुढे सरकवली. आत आयएसओचं प्रमाणपत्र, सोसायटी नोंदणीची प्रत, उद्यम नोंदणी, आणि सगळ्यात वर अमेरिकेतल्या कुठल्याशा ‘ॲक्रेडिटेशन कौन्सिल’चा सोनेरी शिक्क्याचा कागद. यातल्या एकानेही पदवी देण्याचा अधिकार मिळत नाही. आयएसओ कामकाजाच्या पद्धतीला मिळतं. उद्यम नोंदणी आधार कार्डावर घरबसल्या होते; आमच्या रामबागेत पापड-कुरडया विकणाऱ्या काकूंकडेही ती आहे, आणि त्यांचा माल निदान खरा आहे.

राहिली ती कौन्सिल. तिच्या वेबसाइटवर पडताळणीची चौकट होती. ज्या विद्यापीठाची पदवी मिळणार होती त्याचं नाव टाकलं की हिरवी टिक. "दादा, टिक आली होती रे," बहीण अजून म्हणते. मी नंतर दोन्ही वेबसाइटच्या डोमेनची नोंद काढली (‘हूइज’ म्हणून शोधा, फुकट दिसते). विद्यापीठ आणि त्याला मान्यता देणारी कौन्सिल, दोघांची नावं एकाच दिवशी घेतलेली! संपर्काच्या पानावरच्या पत्त्यात ‘बुलेव्हार्ड’चं स्पेलिंगही दोन्हीकडे सारखंच चुकलेलं.

हा धंदा जुना आहे. 2015 साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने कराचीच्या ॲक्झॅक्ट कंपनीचं बिंग फोडलं, तेव्हा शेकडो बनावट शाळा-विद्यापीठांच्या वेबसाइट सापडल्या, आणि त्यांना मान्यता देणाऱ्या संस्थांच्या वेबसाइटही त्याच कंपनीच्या निघाल्या. अमेरिकेत अशी मान्यता देणाऱ्या खऱ्या संस्था कोणत्या, याची यादी तिथलं शिक्षण खातं जाहीर करतं. आमच्या कौन्सिलचा तीत पत्ता नव्हता.

त्यामुळे आता कोणी सल्ला मागितला तर मी सांगतो, ‘मान्यता आहे का’ हे विचारूच नका. हो म्हणायला त्यांचं काय जातं? विद्यापीठ कुठल्या कायद्याने झालं ते विचारा, सालासकट. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा 1956, कलम 22: पदवी देता येते ती संसदेच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत (डीम्ड) विद्यापीठाला, नाहीतर संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेला. बाकी कोणालाही नाही. आपलं इंदूरचं देवी अहिल्या विद्यापीठ 1964 साली राज्याच्या कायद्याने झालं. खऱ्या ठिकाणी उत्तर असं एका ओळीत मिळतं. हे कलम मोडल्याची शिक्षा वाचून मात्र हसावं की रडावं कळेना: दंड, जास्तीत जास्त 1,000 रुपये. यांच्या प्रॉस्पेक्टसचेच बहिणीने दीड हजार मोजले होते.

विद्यापीठ खरं निघालं तरी तेवढ्यावर थांबू नका. ऑनलाइन कोर्सला यूजीसीच्या दूरशिक्षण ब्यूरोची, म्हणजे ‘डेब’ची, परवानगी लागते, आणि ती सरसकट नसते. कोणता कोर्स, कोणतं सत्र, हे त्यांच्या यादीत पाहावं लागतं. डेब डॉट यूजीसी डॉट एसी डॉट इन हा पत्ता स्वतः टाइप करा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून जाऊ नका. 2024-25 पासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याला एबीसी आयडीवरून (‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’च्या खात्याचा क्रमांक) स्वतःचा डेब-आयडीही काढावा लागतो. बहिणीकडे तो कोणी मागितलाच नाही. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांच्या पदव्या ऑनलाइन द्यायला मुळात परवानगीच नाही, आणि यांच्या जिन्यातल्या फलकावर लाल अक्षरांत ‘ऑनलाइन एलएलबी’ लिहिलेलं होतं. खाली ‘अधिकृत फ्रँचायझी’. नियमांत फ्रँचायझीही बसत नाही.

रुग्णालयाने कागदपत्रं पडताळणीला पाठवली तेव्हा सगळं उघडं पडलं. शेरा आला, विद्यापीठ यूजीसीच्या यादीत नाही. बनावट पदवी सादर केली म्हणून थेट घरी बसवलं असतं, तरी कायद्याने आम्हाला फार बोलता आलं नसतं. पावत्या आणि चॅट दाखवल्यावर एचआरच्या बाईंनी समजून घेतलं, हे नशीब.

त्या पावत्या पाहण्यासारख्या आहेत. विद्यापीठाचं नाव कुठेच नाही. पैसे एका माणसाच्या यूपीआयवर गेलेले, पावती कुठल्याशा ‘एज्युकेशनल सर्व्हिसेस’ची, आणि मजकूर ‘मार्गदर्शन सेवा शुल्क, परत मिळणार नाही’. आम्ही जाब विचारायला गेलो तर तोच कागद पुढे केला: "सर, हमने तो काउन्सेलिंग दी थी. डिग्री यूनिवर्सिटी का मामला है."

पण आमच्या वकील मित्राला नेमका तोच मजकूर आवडला. शिक्षण ही ‘सेवा’ मानायची की नाही, यावर ग्राहक आयोगांत वाद होत आले आहेत. इथे त्यांनी स्वतःच्या हाताने ‘सेवा’ लिहून दिलंय. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहेच, आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, मुदत दोन वर्षांची. एकाच ठिकाणी फसलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते, तेव्हा भंवरकुआंला अशीच ‘सेवा’ घेतलेले कोणी असाल तर चॅट पुसू नका, यूपीआयचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. रिफंडसाठी मूळ पावती ऑफिसात जमा करा, असा निरोप परवाच बहिणीला आलाय. तुम्हालाही येईल. झेरॉक्स द्या, मूळ पावती हातातून सोडू नका.