दोनशे तासांचा हिशेब: एका उड्डाण प्रशिक्षण संस्थेचा अनुभव

राज्यातील एका लहान विमानतळावर चालणाऱ्या उड्डाण प्रशिक्षण संस्थेत मी तेवीस महिने काढले आणि विद्यार्थी परवान्यापासून व्यावसायिक परवाना, मल्टी-इंजिन रेटिंग (एकाहून अधिक इंजिनांचे विमान उडवण्याची पात्रता) व इन्स्ट्रुमेंट रेटिंग (केवळ उपकरणांच्या आधारे उडवण्याची पात्रता) येथपर्यंतचे सगळे टप्पे तेथेच पूर्ण केले. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण माझ्या मागच्या तुकडीतील मुले-मुली अजून तेथे शिकत आहेत आणि रोजच्या सॉर्टींचा, म्हणजे प्रशिक्षण उड्डाणांचा, फळा लिहिणारी माणसेही तीच आहेत. विमान उडवायला या संस्थेत उत्तम शिकवतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु परवान्याच्या अटी पूर्ण होत आहेत की नाहीत, हे मात्र विद्यार्थ्यानेच पाहावे लागते, आणि त्याने ते पाहिले नाही तर त्याची किंमत त्याच्याच खिशातून वसूल होते.

प्रवेशाच्या वेळी हाती दिलेल्या माहितीपत्रकात १८५ तास एका इंजिनाच्या विमानावर आणि १५ तास दोन इंजिनांच्या विमानावर, असे एकूण २०० तास, कालावधी चौदा महिने, एवढाच तपशील होता. क्लास २ वैद्यकीय प्रमाणपत्रावर प्रवेश मिळतो आणि शुल्काचा पहिला हप्ताही लगेच घेतला जातो. व्यावसायिक परवान्याला मात्र क्लास १ लागते, आणि त्याची तपासणी बरीच कठोर असते. माझ्या तुकडीतील एक मुलगा पहिला हप्ता भरून, गणवेश शिवून, चाळीस तास उडून झाल्यावर त्या तपासणीत रंगदृष्टीपाशी अडकला. संस्थेने कोणताही नियम मोडला नव्हता, हे खरे. पण ‘आधी क्लास १ करून या, मग पैसे भरा’ एवढे एक वाक्य कार्यालयातील कोणी बोलले असते, तर त्या घरावर कर्जाचा डोंगर उभा राहिला नसता. नव्याने येणाऱ्यांना मी सर्वांत आधी हेच सांगेन.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या लेखी परीक्षांसाठी संस्थेत वर्ग भरतात. हवामानशास्त्र आणि हवाई नियम हे विषय चांगले शिकवले जातात, नेव्हिगेशन यथातथाच. प्रत्येक विषयात ७० टक्के गुण लागत असल्याने अर्धी तुकडी अखेरीस दिल्लीच्या द्वारका भागातील खासगी वर्गांना जाऊन आली. त्याचा खर्च अर्थातच माहितीपत्रकात नव्हता.

प्रत्यक्ष उड्डाणाबद्दल मात्र मनापासून चांगले लिहावेसे वाटते. माझ्या प्रशिक्षक मॅडम सेसना १७२ च्या दाराजवळ उभ्या राहून प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारत, ‘आज वारा कुठून आहे?’ आणि उत्तर मोबाइलवर पाहून दिलेले त्यांना चालत नसे. वायुदिशादर्शक मोज्याकडे, शेतातल्या धुराकडे, झाडांच्या शेंड्यांकडे बघूनच ते द्यावे लागे. वजन आणि समतोलाचा तक्ता त्यांनी पहिले तीन महिने कागदावर हाताने काढून घेतला. धावपट्टीजवळ विमानाचे नाक केव्हा आणि किती उचलायचे, हे मला तीस-बत्तीस लँडिंग होऊनही साधत नव्हते, तेव्हा त्यांनी एका सॉर्टीत मला उतरूच दिले नाही. धावपट्टीच्या काही फूट वरून विमान तिच्या पूर्ण लांबीभर नेऊन पुन्हा वर चढवायचे, असे सहा वेळा करवून घेतले. सातव्या वेळी चाके कधी टेकली, ते मला कळलेही नाही. पुढच्याच आठवड्यात त्या खाली उतरल्या, दार लावले आणि मला एकटीला सर्किट मारायला, म्हणजे धावपट्टीभोवती फेरी घेऊन पुन्हा उतरायला, पाठवले. शेजारची खुर्ची रिकामी असली की विमान किती चटकन वर चढते, हे कोणत्याही वर्गात शिकवता येत नाही.

विद्यार्थी परवान्यानंतर खासगी परवाना घ्यावा की सरळ व्यावसायिक परवान्याकडे जावे, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. आपल्याकडे बहुतेक विद्यार्थी खासगी परवाना वगळतात आणि या संस्थेत तर त्याचा पर्यायही कोणी पुढे केला नाही. विमान कंपनीतील नोकरी हेच ध्येय असेल तर त्यात फारसे बिघडत नाही. तोटा एवढाच की शिक्षण मध्येच थांबले, तर हाती विद्यार्थी परवान्यापलीकडे काहीही उरत नाही.

माझी खरी तक्रार तासांच्या मोजणीबद्दल आहे. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात हे सर्वांना ठाऊक असते, पण ते २०० तास एकाच जातीचे नसतात. त्यांपैकी १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःच्या नावावर असलेले, म्हणजे पायलट-इन-कमांड म्हणून केलेले, असावे लागतात; त्यांत २० तास क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे एका विमानतळावरून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी जाण्याच्या उड्डाणांचे, आणि त्यांतही किमान ३०० सागरी मैलांचे एक उड्डाण, दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून केलेले; रात्रीचे ५ तास, त्यांत १० टेक-ऑफ आणि १० लँडिंग; शिवाय १० तास केवळ उपकरणांच्या आधारे. हे सारे झाले तरी इन्स्ट्रुमेंट रेटिंगची अट निराळीच आहे: तेथे कमांडमधील क्रॉस-कंट्री २० नव्हे तर ५० तास हवी आणि उपकरणांवरील उड्डाण ४० तास, ज्यांतील २० पर्यंत सिम्युलेटरवर चालतात. केवळ परवान्याकडे बघून उडणारा विद्यार्थी रेटिंगपाशी येऊन तीस तासांनी कमी पडतो, तो असा.

माझे १६० तास झाले त्या रात्री वसतिगृहात मी लॉगबुक उघडून रकान्यांची बेरीज केली, तेव्हा कमांडचे ७१ तास भरले होते, त्यांत क्रॉस-कंट्रीचे २२ आणि रात्रीचे पावणेचार. ठरलेल्या शुल्कातील चाळीस तास उरले होते, त्यांतले १५ दोन इंजिनांच्या विमानासाठी राखीव आणि तेही प्रशिक्षकासोबतचे, म्हणजे कमांडमध्ये न मोजले जाणारे. म्हणजे हाती राहिले २५ तास, आणि कमांडचे हवे होते २९! ते सगळे एकटीने उडवले असते तरी गणित जुळणार नव्हते. दोष कशात होता हे पाने उलटताना लक्षात आले. प्रशिक्षक नोकरी सोडून विमान कंपनीत गेले की नवे प्रशिक्षक आपल्या समाधानासाठी दोन-तीन सॉर्टी सोबत बसून करवून घेत. पावसाळ्याच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच. आणि असे तीनदा घडले. प्रत्येक निर्णय सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच होता, पण त्यांची एकत्रित बेरीज करणारा माणूस संस्थेत नव्हता. दुसऱ्या दिवशी मुख्य प्रशिक्षकांकडे तो कागद नेला, तेव्हा सरांनी तो शांतपणे वाचला, आकडे बरोबर असल्याचे मान्य केले आणि लेखा विभागाकडे पाठवले. लेखा विभागाने जादा तासांचा दर सांगितला, जो ठरलेल्या शुल्कातील तासाच्या दरापेक्षा जास्त होता. मला साडेचार तास विकत घ्यावे लागले. तेव्हापासून माझ्या खोलीच्या दारामागे एक तक्ता चिकटवलेला असे आणि शेजारच्या खोल्यांतील मुलीही आपापले रकाने त्यावर भरू लागल्या.

त्या उरलेल्या तासांतील लांब क्रॉस-कंट्री मात्र पैसे वसूल करणारी ठरली. छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव येथे उतरून परत यायचे होते. पैठणचा नाथसागर दुरूनच चकाकताना दिसल्यावर नकाशावरची पेन्सिलची रेघ आणि खालची जमीन एकच असल्याची खात्री पटली. संभाजीनगरच्या नियंत्रण कक्षाशी बोलताना, मागून प्रवासी विमान येत असताना, आपले वाक्य नेमके आणि आखूड ठेवण्याचा सराव झाला. स्वतःच्या धावपट्टीवर तो कधीच होत नाही. पुढे अजिंठ्याचे डोंगर ओलांडले की जमीन एकदम हजारभर फूट खाली उतरते आणि तापीचे खोरे समोर पसरते. चैत्रातल्या दुपारी त्या कड्यावर विमान इतके हिंदकळते की मॅडम पहाटेची सॉर्टी घेण्याचा आग्रह का धरत होत्या, हे समजले.

विमानांची देखभाल मला समाधानकारक वाटली. पन्नास आणि शंभर तासांच्या तपासण्या वेळेवर होत, शंका आली की अभियंते विमान सरळ हँगरमध्ये ओढत, आणि त्यासाठी कोणी त्यांच्यावर दबाव आणताना मी पाहिले नाही. मात्र सुटे भाग येण्यास आठवडे लागत आणि तेवढ्या काळात उरलेल्या विमानांसमोर रांग लागे. जून ते सप्टेंबर ढग खाली आलेले असत, हिवाळ्यात सकाळी धुके असे आणि दृश्यमानता ५ किलोमीटरपर्यंत वाढण्याची वाट पाहत आम्ही चहा पीत बसत असू. चौदा महिन्यांचे वचन देताना हे ऋतू कोणी मोजले होते, कुणास ठाऊक!

दोन इंजिनांच्या विमानावरील पंधरा तास उपकरणांच्या सरावासह नीट आखलेले होते आणि त्या टप्प्यावर माझी काहीही तक्रार नाही. एक इंजिन बंद पडल्यावर कोणते, हे पायाच्या दाबावरून ओळखायची सवय तेथील प्रशिक्षकांनी इतकी पक्की केली की अंतिम चाचणीत हात आपोआप योग्य लिव्हरवर गेला. सिम्युलेटर जुना आहे, पण होल्डिंग (आकाशात ठरलेल्या जागी घिरट्या घालत थांबणे) आणि अप्रोच (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणे) शिकायला पुरतो.

वसतिगृह स्वच्छ आहे, जेवण बरे आहे, रविवारची मिसळ तर चांगलीच. खोलीची अनामत रक्कम परवाना हाती आल्यावर महिन्याभरात परत मिळेल असे सांगण्यात आले होते. त्याला आता पाच महिने झाले असून मी पाठवलेल्या सात ई-मेलांपैकी एकाचेच उत्तर आले आहे, त्यात माझ्या इन्स्ट्रुमेंट रेटिंगबद्दल अभिनंदन केलेले आहे.