बगीसाठी क्रँक: ६९, ७८ की ८२?

फोक्सवॅगन बीटलचं एअर-कूल्ड टाइप-१ इंजिन बगीत (वाळूत, रानात पळवायच्या हलक्या उघड्या गाडीत) बसवायचं ठरलं आणि क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं कवच, उघडून टेबलावर आली, की पहिला सल्ला बहुधा ठरलेला असतो: "खोललंच आहे तर ८२चा क्रँक टाकून घे." क्रँक म्हणजे पिस्टनची मागेपुढे हालचाल फिरतीत बदलणारा दांडा. ८२ म्हणजे मिलिमीटरमधला स्ट्रोक, पिस्टन एका दिशेला जितका सरकतो ते अंतर. मूळ १६०० इंजिनाचा स्ट्रोक ६९. सिलिंडर ९०.५ मिमी व्यासाचे घेतले तर ६९वर १७७५ सीसी होतात आणि ८२वर २११०. आकड्याचा मोह पडतोच. पण मला विचाराल तर स्ट्रोकचा प्रश्न दुसरा. आधी बघायचं ते क्रँकला काउंटरवेट, म्हणजे तोल साधणारी वजनं, आहेत की नाहीत.

कंपनीच्या क्रँकला ते नाहीत. १३००, १५०० आणि १६०० या तिन्ही इंजिनांत स्ट्रोक ६९चाच, फरक फक्त बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचा. माल घडीव पोलादाचा आणि उत्तम. समोरासमोरचे पिस्टन एकमेकांचे झटके खाऊन टाकतात, त्यामुळे हे इंजिन बाहेरून शांत वाटतं. आतली गोष्ट वेगळी. पिस्टनचे रॉड ज्यांवर बसतात त्या चार क्रँकपिनांपैकी मधल्या दोन एकाच बाजूला येतात. इंजिन जोरात फिरलं की त्या दोघी मिळून क्रँकला एकाच दिशेला ओढतात आणि तो भार मधल्या मेन बेअरिंगवर (क्रँक ज्यात फिरतो त्यावर) येतो. आरपीएम दुप्पट झाले की ही ओढ चौपट होते. क्रँक थोडासा लवतो, पुन्हा सरळ होतो, आणि प्रत्येक फेरीला बेअरिंगच्या बैठकीवर ठोका बसतो. बैठक मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची, म्हणजे क्रँकपेक्षा कितीतरी मऊ. काही काळाने ती रुंदावते, तेलाचा दाब पडतो, आणि मग लाइन बोअरिंग (सगळ्या बैठका एका रेषेत पुन्हा कोरणं) करून ओव्हरसाइज बेअरिंग घालण्याची वेळ येते.

सडकेवरच्या गाडीत हे सगळं सावकाश घडतं. बगीची गोष्ट निराळी. उंचवट्यावरून मागची चाकं हवेत गेली की इंजिनावरचा भार एकदम नाहीसा होतो आणि आरपीएमचा काटा उडी मारतो. वाळूत फसल्यावर आपण पायही काही हलका ठेवत नाही. म्हणून साध्या क्रँकवर मी साडेचार हजारांच्या वर सतत चालवणार नाही. जंगलवाटेवर रमतगमत फिरायचं असेल, इंजिन १६०० सीसीच ठेवायचं असेल, तर तो पुरतो; त्यात पैसे ओतायची गरज नाही. काही वाळवंटी शर्यतींत १६०० सीसीची मर्यादा असलेले वर्ग आहेत. तिथे ही सगळी चर्चाच संपते, नियमावली म्हणेल तोच क्रँक.

खरी निवड उरते ती काउंटरवेटवाला ६९ आणि ८२ यांच्यात. यात ६९ला कोणी विचारत नाही, कारण त्याने सीसी वाढत नाहीत आणि मित्रांना सांगण्यासारखं काही मिळत नाही. पण तो सरळ बसतो: मूळचेच रॉड, क्रँककेसला आत घासकाम नाही, इंजिनाची रुंदी तीच. ९४चे सिलिंडर घेतले तर १९१५ सीसी मिळतात. हेड आणि क्रँककेसची तोंडं मात्र त्या सिलिंडरसाठी मोठी करावी लागतात, पण ते मशीन शॉपचं रोजचं काम. सहा हजारांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १३.८ मीटर राहतो. ८२वर तोच १६.४ होतो. सारखं वर फिरवायचं इंजिन असेल तर हा फरक रिंगा आणि रॉडबोल्ट सोसतात.

८२ची बाजूही दमदार आहे. वाळूच्या टेकडीवर चढताना इंजिन वर फिरवायला वेळच मिळत नाही. खालून मिळणारी ओढ कामाला येते. सीसी वाढले आणि हेड तेच राहिले की ताकद आणखी खालच्या आरपीएमला मिळू लागते. वाळूत हेच तर हवं असतं. फक्त त्याची किंमत क्रँकच्या बिलावर दिसत नाही. रॉडची मोठी बाजू क्रँककेसला आणि कॅमला लागते. आतून जागा करावी लागते. (मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो. हे काम वेल्डिंगच्या ठिणग्यांजवळ नको, आणि काम झाल्यावर तेलाच्या वाटा प्लग काढून धुवायलाच हव्यात.) पिस्टन वर येऊन बाहेर डोकावतो, म्हणून पिन वर सरकवलेले पिस्टन घ्या, नाहीतर सिलिंडरखाली जाड शिम, म्हणजे धातूची कडी, घाला. शिम घातली की इंजिन रुंद होतं: पुशरॉड नव्याने मापून कापायचे, इंजिनाभोवती हवा वळवणारे पत्रे आणि एक्झॉस्ट पुन्हा जुळवायचे. मूळ १३७ मिमीचा रॉड ठेवला तर रॉड आणि स्ट्रोकचं गुणोत्तर जवळपास २वरून १.६७वर येतं. रॉड जास्त तिरका होतो, पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला जास्त रेटतो. वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनात ही वाढलेली घासण उष्णतेत भर घालते. शिवाय गिअरबॉक्स जुनाच असेल तर तुटण्याची पाळी क्रँकवरून त्याच्यावर येते.

आणखी एक हिशेब क्वचितच कोणी मांडतं. मेन जर्नल (मेन बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा भाग) आणि क्रँकपिन टोकाकडून पाहिल्यास एकमेकांवर किती चढतात, त्यावर क्रँकचा ताठपणा बराचसा ठरतो. दोन्ही ५५ मिमीचे असतील तर ६९वर हा ओव्हरलॅप २०.५ मिमी, ७८वर १६, ८२वर १४. बऱ्याच स्ट्रोकर क्रँकची पिन शेव्हर्ले मापाची, म्हणजे ५०.८ मिमीची असते. त्याने रॉडची मोठी बाजू लहान होते आणि क्रँककेसमध्ये जागा मिळते, पण ८२वर ओव्हरलॅप १२च्याही खाली येतो. म्हणून ८२ आणि बारीक पिन हा जोड घ्यायचा तर माल घडीवच हवा. ओतीव क्रँक शांत चालीच्या गाडीला चालतो; उड्या मारणाऱ्या बगीत मी तो ६९लाही लावणार नाही. घडीव क्रँकच्या ४३४० पोलादात निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असतं. वारंवार झटके सोसण्यासाठीच ते वापरतात.

आणि ७८? मला तो सर्वांत समंजस वाटतो. ९०.५वर २००७ सीसी, ९४वर २१६५. घासकाम लागतं, पण ८२पेक्षा बरंच कमी. वाळू आणि दगडी वाट दोन्हीकडे जाणार असाल, तर ८२ बघण्याआधी हा मापून बघा. ७४ आणि ७६ हे ६९ आणि ७८च्या मधे येतात. ९४वर ७६ घेतला तर २११० सीसी होतात, म्हणजे ९०.५ आणि ८२च्या जोडीइतकेच. ज्याला ८२चे सीसी हवेत पण त्याचं घासकाम नको, त्याने हा रस्ता जरूर पाहावा.

क्रँक कोणताही घ्या, फ्लायव्हीलच्या टोकाला आठ डॉवेलचाच (फ्लायव्हील जागेवर धरणाऱ्या खुंट्यांचा) घ्या. मूळ बांधणीत चार डॉवेल आणि मधोमध एकच मोठा ग्लँड नट. उडीनंतर चाकं जमिनीला टेकतात तेव्हा सगळा हिसका तिथेच पोचतो, भोकं अंडाकृती होतात आणि फ्लायव्हील हलू लागतं. क्रँक, फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि पुली एकत्र बॅलन्स करून घ्या. काउंटरवेटवाला क्रँक जड असतो, इंजिन उचल थोडी सावकाश घेतं. वाळूत ते जाणवतही नाही.

कंपनीच्या घडीव क्रँकला काउंटरवेट वेल्ड करून विकण्याचीही जुनी पद्धत आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने क्रँक वाकतो. तो पुन्हा सरळ करून नीट उष्णतोपचार दिला असेल तर उत्तम, नसेल तर धोका. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. वापरलेला क्रँक घेताना आधी टांगून हलका हातोडा मारा: चांगला असेल तर घंटेसारखा घुमतो, तडा असेल तर आवाज बद्द येतो. आवाज चांगला आला तरी चुंबकीय तपासणी चुकवू नका. जर्नल आधी ग्राइंड झालाय का ते मापा आणि कडेची गोलाई बोट फिरवून पाहा. तिथे काटकोन लागला तर तो क्रँक कितीही स्वस्त असला तरी परत ठेवा. तडा जायला तिथूनच सुरुवात होते.