क्रोटनचं रंगीत कुंपण : दीड वर्षानंतर

बागेच्या कडेला 24 फुटांच्या पट्ट्यात क्रोटनची 17 रोपं लावली, त्याला आता दीड वर्ष झालं. दोन रोपांत दीड फूट अंतर. लावताना वीतभर होती, आता कमरेपर्यंत आली आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात ही ओळ बघितली की हातातलं काम थांबतं, हे आधी सांगते. बाकीचं नंतर.

त्या जागी पूर्वी सोनेरी ड्युरांटा होता आणि छाटणीच्या माझ्या सगळ्या सवयी त्याच्यावर घडलेल्या. ड्युरांटाची कोवळी पानं सोनेरी असतात, जून झाली की हिरवी पडतात. त्यामुळे मोठ्या कात्रीने वरून सरळ कापलं की नवी पालवी येते आणि कुंपण पुन्हा झळाळतं. लावल्यापासून आठव्या महिन्यात मी क्रोटनलाही तसंच सपाट कापून टाकलं. पुढचे तीन महिने मला ते बघवत नव्हतं.

क्रोटनचा हिशोब उलटा आहे. माझ्याकडे बहुतेक ‘पेट्रा’ जातीची रोपं आहेत. तिचं पान हिरवं-पिवळं जन्मतं, मग शिरांमध्ये केशरी उतरतो आणि पान जून होताना लाल चढत जातो. म्हणजे वरचेवर कापत राहिलं तर रंगावर आलेली पानं जातात आणि हिरवी-पिवळी पालवीच हाती उरते. शिवाय पानं मोठी असल्याने कात्री त्यांच्या मधूनच जाते. अर्धवट कापलेल्या पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी होतात आणि पान गळेपर्यंत तशाच दिसत राहतात.

आता मी फक्त सिकेटर, म्हणजे एका हाताने चालवायची छोटी छाटणीची कात्री, वापरते. जी फांदी फार वर गेली असेल ती पानांच्या आत, डोळ्याच्या (फुटवा येतो त्या कोंबाच्या) जरा वर कापायची. तिथून दोन-तीन फुटवे येतात आणि कुंपण भरतं. एका वेळी सगळ्या फांद्यांना हात लावायचा नाही. वेळ लागतो, पण रंग टिकतो. हातमोजे मात्र घालाच. क्रोटन एरंडाच्या कुळातला आहे, त्याच्या चिकाने त्वचेची आग होते आणि कपड्यांवर डाग पडतात. पानं चघळणाऱ्या मुलांना किंवा पाळीव प्राण्यांनाही त्याचा त्रास होतो. घरात तसं कोणी असेल तर हे झाड लावूच नका.

सुरुवातीला घाबरवणारी गोष्ट म्हणजे पानगळ. लावल्यावर दोन आठवड्यांत खालची निम्मी पानं गेली. मी पाणी वाढवलं, तेही चुकलंच. जागा बदलली की क्रोटन पानं टाकतो. माती बोटभर खोल कोरडी झाल्यावरच पाणी द्यायचं आणि थांबायचं. रोपं सावलीत वाढलेली असतील तर ती एकदम कडक उन्हातही ठेवू नयेत, पानं भाजतात.

उन्हाबद्दल मात्र तडजोड नाही. माझी शेवटची तीन रोपं झाडाच्या सावलीत आहेत. तीच जात, तीच माती, तेच शेणखत, तरी ती जवळजवळ हिरवीच राहिली. दिवसाचे चार-पाच तास ऊन नसेल तर पेट्राकडून लाल रंगाची अपेक्षा ठेवू नये. थंडीही त्याला सोसत नाही. जिथे कडाक्याची थंडी पडते तिथे हे कुंपण दर हिवाळ्यात उघडं पडेल.

कोरड्या, गरम दिवसांत पानांची चमक गेली आणि मागच्या बाजूला बारीक जाळी दिसली. लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारला, आठवड्यातून दोनदा, महिनाभर. तेवढ्यावर निभावलं. पिठ्या ढेकूण ही कापसासारखी पांढरी कीड दोनच झाडांवर आली, ती कापसाच्या बोळ्याने पुसून काढली आणि वर निंबोळी तेल फवारलं. बुंध्याशी पालापाचोळ्याचा थर ठेवते, त्याने ओल टिकते.

वाढ हळू आहे. पटकन आडोसा हवा असेल तर ड्युरांटाच लावा, आणि भिंतीसारखं कापलेलं सपाट कुंपण आवडत असेल तरीही ड्युरांटाच.

सावलीतल्या त्या तीन जागांसाठी ‘गोल्ड डस्ट’ या क्रोटनच्याच जातीच्या एका झाडावर गुट्या बांधल्या आहेत, म्हणजे फांदीची साल काढून तिथे मुळं फुटावीत म्हणून ओलावा धरणारं माध्यम प्लॅस्टिकमध्ये बांधलं आहे. हिरव्या पानावर पिवळे शिंतोडे, आणि ते कमी उन्हातही बऱ्यापैकी टिकतात. परवा प्लॅस्टिकमधून पांढऱ्या मुळ्या दिसायला लागल्या.