ग्रामपंचायतीचा आराखडा गावाकडून करून घेणारं शिबिर: पुण्याच्या संस्थेचा आमचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात आमच्या ग्रामपंचायतीनं पुण्यातल्या एका संस्थेला गावात बोलावलं होतं. काम एकच. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा गावातल्या माणसांना बसवून त्यांच्याकडूनच तयार करून घ्यायचा. आधी एक दिवस पुण्यात सदस्यांचं प्रशिक्षण, मग तीन दिवस त्यांच्या माणसांचा गावात मुक्काम, आणि पुढे ग्रामसभा होईपर्यंत फोनवर मदत, असं या सेवेचं स्वरूप आहे. मी पुरंदर तालुक्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावची ग्रामपंचायत सदस्य. घरची पिठाची गिरणी आहे. शेजारच्या गावांतल्या बायका दळण घेऊन आल्या की विचारतात, "ताई, आम्ही पण बोलवावं का त्यांना?" त्यांच्यासाठी आणि इतरांसाठी सविस्तर लिहिते. बोलवा जरूर, फक्त काही गोष्टी आधी ठरवून घ्या.

आराखडा ही काही नवी गोष्ट नाही. चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीला यायला लागला त्या २०१५ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावानं तो होतोय. शिवारफेरी, महिला सभा, वंचितांची सभा हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. पण आमच्याकडे वर्षानुवर्षं व्हायचं असं की भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, आणि दोन-तीन सदस्य कार्यालयात बसून मागची यादी पुढे ओढायचे, ग्रामसभेत ती वाचली जायची आणि कोरम भरावा म्हणून सह्यांचं रजिस्टर घरोघरी फिरायचं. कायद्यानं ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. आमच्या गावाला शंभर माणसं जमवणं जड जात होतं, कारण आपण बोलून काही बदलतं यावर कुणाचा विश्वासच राहिला नव्हता.

या संस्थेनं सगळ्यात चांगलं काय केलं असेल तर पहिल्याच बैठकीत पैशाचा आकडा फळ्यावर लिहिला. आम्हाला पुण्यातल्या प्रशिक्षणातच सांगून ठेवलं होतं की गावाला येणारी रक्कम भाऊसाहेबांकडून लिहून आणा, त्याशिवाय आम्ही सुरुवात करणार नाही. आमच्या गावाला तेव्हा पंधराव्या वित्त आयोगातून (२०२१ ते २०२६) वर्षाला साधारण साडेनऊ लाख रुपये यायचे. त्यातला ६० टक्के निधी बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करावा लागायचा. उरलेला ४० टक्के अबंधित, तो गावाच्या गरजेप्रमाणे वापरता यायचा. म्हणजे मोकळ्या हातानं ठरवायला पावणेचार-चार लाख. त्याखाली ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न लिहिलं आणि त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात हेही लिहिलं. पारावर बसलेल्या अनेकांनी हे आकडे आयुष्यात पहिल्यांदा बघितले. मी निवडून आलेली असून मलाही हा हिशोब असा एका फळ्यावर कधी बघायला मिळाला नव्हता.

आकडा दिसल्यावर माणसं वेगळं बोलायला लागतात. त्याआधी मागण्यांची यादी काढली होती, त्यात वेशीवर कमान, सभामंडप, व्यायामशाळा, प्रत्येक आळीला काँक्रीट रस्ता असं सगळं होतं आणि बेरीज कोटीच्या पुढे गेली होती. फळ्याकडे बघून एक म्हातारे तात्या उठले आणि म्हणाले, "चार लाखात कमान बांधली तर बाकी वर्षभर कमानीखाली बसायचं का?" तिथून खरी चर्चा सुरू झाली. गावाच्या भवितव्याबद्दल लोकांना विचारायचं असेल तर पैसे किती आहेत ते आधी सांगायला हवं. नाहीतर लोक स्वप्नं सांगतात, आपण ती लिहून घेतो, आणि दोन वर्षांनी तेच लोक बैठकीला येत नाहीत.

दुसरी आवडलेली गोष्ट नकाशाची. शाळेच्या मैदानावर रांगोळीनं गावाचा नकाशा काढायला लावला, पण पुरुषांचा एका बाजूला आणि बायकांचा दुसऱ्या बाजूला. पुरुषांनी डांबरी रस्ता, देऊळ, विजेची डीपी, मोबाईलचा टॉवर, दूध डेअरी, विहिरी काढल्या. बायकांनी आधी पाण्याच्या वाटा काढल्या. वरच्या वस्तीला नळजोड झालेत पण पाणी चढत नाही, म्हणून तिथल्या बायका खालच्या हापशावर येतात. ती वाट त्यांनी निळ्या रांगोळीनं ओढली आणि ती नकाशातली सगळ्यात लांब रेघ झाली. मग एसटीच्या थांब्यापासून वस्तीपर्यंतचा अंधाराचा पट्टा काळ्या रंगानं. कॉलेजला सासवडला जाणाऱ्या पोरी संध्याकाळच्या गाडीनं तिथे उतरतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांची घरंसुद्धा त्यांनी दाखवली, ती पुरुषांच्या नकाशात नव्हतीच. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून सगळ्यांना भोवती फिरवलं. कुणी कुणाला भाषण दिलं नाही, तरी माझ्या सासऱ्यांच्या वयाची माणसं त्या काळ्या पट्ट्याजवळ थांबून एकमेकांना विचारत होती की तिथे दिवा नाही हे आपल्या लक्षात कसं आलं नाही.

प्राधान्य ठरवतानाही त्यांनी हात वर करायला लावले नाहीत. पुरुषांना चिंचोके दिले आणि बायकांना मक्याचे दाणे. जमिनीवर कामांची चित्रं मांडली आणि ज्याला जे काम आधी हवं त्यावर त्यानं दाणे टाकायचे. त्यामुळे कुणाची निवड काय आहे ते लगेच दिसलं, आणि भावकीतल्या मोठ्या माणसाकडे बघून हात वर करण्याचा प्रश्नच उरला नाही. कमानीवर चिंचोकेच चिंचोके, मका जवळजवळ नाही. थांब्याच्या दिव्यावर आणि वरच्या वस्तीच्या पाण्यावर मक्याचा ढीग. दोन्ही भरपूर पडले ते एकाच कामावर, ओढ्यावरच्या जुन्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर.

तो बंधारा शिवारफेरीत सापडला असं म्हणायला हरकत नाही. आम्ही दरवर्षी नवीन बंधारा मागत होतो. फेरीत एका आजोबांनी सगळ्यांना झुडपांतून आत नेलं आणि दाखवलं की जुन्याचं बांधकाम शाबूत आहे. बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, गेलेत आणि गाळ साचलाय, एवढंच. पावसाळा संपता संपता बर्गे टाकले की पाणी अडतं आणि खालच्या अंगाला असलेली नळयोजनेची विहीर उन्हाळ्यात टिकते. संस्थेतल्या एका इंजिनिअर मुलीनं तिथेच सांगितलं की बंधित निधीत पावसाचं पाणी साठवण्याची कामं बसतात, त्यामुळे अबंधितला हात लावायची गरज नाही. हे ऐकून लोकांना जो हुरूप आला तो मी गावात बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता.

बैठकांच्या वेळा मात्र पहिल्या दिवशी साफ चुकल्या. सीताफळाचा हंगाम होता. पहाटे माल सासवडच्या बाजारात न्यायचा, आणि दिवसभर बाजरीची काढणी. सकाळी दहाच्या सभेला आले ते बहुतेक रिकामे पुढारी. आम्ही तक्रार केल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशीपासून वेळापत्रक बदललं, रात्री आठनंतर वस्तीवस्तीवर जाऊन बसले, धनगरवाड्यात तर जेवणं झाल्यावर. ऐकून घेतलं हे चांगलं, पण पुरंदरमध्ये ऑक्टोबरात काय चाललेलं असतं हे पुण्याहून निघण्याआधी विचारायला हवं होतं. गटातली शहरातली मुलं मनानं चांगली होती, पण खट्टा बहार नि मीठा बहार हे अंजिराचे दोन हंगाम म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं. अंजीरवाल्यांच्या पाण्याच्या वेळा कळल्याशिवाय आमच्या गावच्या पाण्याचं नियोजन होत नाही.

त्याहून मोठी उणीव अशी की बागांमध्ये आणि कोंबड्यांच्या शेडवर कामाला राहिलेल्या मराठवाड्यातल्या कुटुंबांना कुणी विचारलंच नाही. ती वर्षभर इथे राहतात, त्यांची पोरं आमच्या अंगणवाडीत येतात, पण मतदार यादीत नाव नाही म्हणून कुठल्याच सभेच्या निमंत्रणात नाहीत. मी धरून बसले तेव्हा शेवटच्या दिवशी तासभर बैठक झाली. त्या तासात अंगणवाडीच्या वेळेचा आणि शेडजवळच्या सांडपाण्याचा मुद्दा आला, जो तोवर कुणी काढला नव्हता.

हिवरे बाजारची चित्रफीत दाखवली. पोपटराव पवार आणि त्यांच्या गावानं पाण्याचा ताळेबंद मांडून पीक ठरवायची शिस्त लावली हे आम्ही ऐकून होतो. त्यापेक्षा शेजारच्या जिल्ह्यातल्या त्या गावी दहा जणांना नेऊन आणलं असतं तर जास्त उपयोग झाला असता.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा. आमचं गाव पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येतं. पुणे कसं वाढतंय ते आम्ही दिवे घाटातून उतरताना रोज बघतो. २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं महापालिकेत गेली. २०२१ साली प्राधिकरणाचा प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला, त्यावर हजारो हरकती आल्या. आमच्याकडच्या कितीतरी लोकांना त्या आराखड्याच्या नकाशात आपल्या जमिनीवर कुठला रंग पडलाय ते प्लॉटच्या एजंटांकडून कळलं. संस्थेनं दुसऱ्या दिवशी रात्री नकाशाचे रंग कसे वाचायचे, जमिनीवरचं आरक्षण म्हणजे काय आणि १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे हरकत कशी नोंदवायची हे समजावलं. माणसं जागची हलली नाहीत, प्रश्न संपत नव्हते. आणि या सत्राला वेळ किती दिला, तर जेमतेम एक तास. गटार आणि दिव्यासाठी तीन दिवस आणि गाव पंधरा-वीस वर्षांनी गाव म्हणून राहणार की नाही यासाठी एक तास, हे मला पटलं नाही. मी त्यांना तोंडावर सांगितलं, इथेही लिहिते. पुण्याच्या पंचक्रोशीतल्या गावांसाठी हा वेगळा, पूर्ण दिवसाचा विषय आहे.

अहवालाबद्दल थोडंसं. जाडजूड बांधीव पुस्तक दिलं, भाषा सगळी ‘सदर’ आणि ‘प्रस्तावित’ची. गिरणीत ठेवलं तर चाळून परत ठेवायच्या बायका. आम्ही एका पानात मोठ्या अक्षरांत काम, रक्कम आणि महिना असा तक्ता मागितला, तो त्यांनी फ्लेक्सवर छापून पाठवला. तो चावडीशेजारी लावलाय आणि लोक तो वाचतात. तुम्ही पहिल्यापासून फ्लेक्सच मागा.

महिला सभा आदल्या दिवशी झाली, त्यात ठराव लिहून घेतले आणि दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत बायकांनीच ते वाचले. सह्यांचं रजिस्टर घेऊन कुणाच्या दारात जावं लागलं नाही. आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढला आहे, ‘मेरी पंचायत’ ॲपवर कुणीही आपल्या गावाचा बघू शकतं. बंधाऱ्याचे बर्गे आणि गाळ काढणं झालं. थांब्यावर दोन दिवे लागले. वरच्या वस्तीच्या टाकीचं अंदाजपत्रक अजून मंजुरीत अडकलंय, आणि याबाबतीत संस्थेची मदत कमी पडली. ग्रामसभेनंतर त्यांचा फोन येणं थांबलं. आम्ही केला की उचलतात, माहिती देतात, पण काम पुढे सरकतंय का हे सहा महिन्यांनी येऊन बघण्याची सोय त्यांच्या सेवेतच नाही. ती असायला हवी, त्यासाठी जास्त पैसे घेतले तरी चालतील.

खर्च गावाला झेपणारा आहे. आमच्याकडून त्यांनी प्रवास, साहित्य आणि छपाईचे पैसे घेतले, ते आम्ही स्वनिधीतून दिले. राहणं शाळेत, जेवण बचत गटाच्या बायकांनी केलं आणि त्याचा मोबदला बचत गटाला मिळाला. बोलवायचं असेल तर गणपतीच्या आत फोन करा, कारण २ ऑक्टोबरपासून सगळ्या ग्रामपंचायतींची एकदम घाई होते. वेळापत्रक तुमच्या पिकाप्रमाणे लावून घ्या, आणि भाऊसाहेबांकडून निधीचे आकडे लेखी घेतल्याशिवाय तारीख देऊ नका. आम्ही यंदा पुन्हा बोलावतोय. बाहेरून आलेल्या कुटुंबांची बैठक पहिल्याच दिवशी आणि प्राधिकरणाच्या नकाशासाठी एक आख्खा दिवस, या दोन अटी त्यांनी मान्य केल्या आहेत.