क्रूगर, आपली गाडी आपण चालवत: काही महिन्यांनंतरचा अनुभव

नोकरीनिमित्त दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियात राहायला आल्यापासून जमेल तेव्हा क्रूगर नॅशनल पार्कला जातोय. इथला उन्हाळा आणि हिवाळा, दोन्ही बघून झाले, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. टूरवाल्यांच्या पॅकेजबद्दल मला काही सांगता येणार नाही. हे सगळं स्वतः गाडी चालवत फिरण्याबद्दल आहे.

आम्ही मूळचे नागपूरकर. जंगल म्हणजे ताडोबा: जिप्सी, गाइड, ठरलेली फेरी आणि वेळ संपत आली की गेटकडे पळापळ. इथे साध्या हॅचबॅकमधून सिंहांच्या मुलखात शिरायचं, हे पहिल्यांदा पचतच नाही. मुख्य रस्ते डांबरी, वेगमर्यादा ताशी ५०. कच्च्या रस्त्यावर ४०. ठरवून दिलेल्या जागा सोडल्या तर गाडीतून उतरायचं नाही, खिडकीतून हात-डोकं बाहेर काढायचं नाही. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. पसारा मात्र अवाढव्य. ताडोबा कोअर-बफर धरून सुमारे १,७०० चौ. किमी, क्रूगर जवळपास २०,०००. त्यामुळे सगळा पार्क उरकायचा बेत आखू नका. दक्षिणेकडचा एक कॅम्प (पार्कातली मुक्कामाची जागा) धरा आणि त्याच्या आसपासच फिरा.

सुरुवातीला आम्हीही दिवसभर गाडी पळवायचो. आता लोअर साबी कॅम्पजवळच्या सनसेट डॅमवर इंजिन बंद करून तासभर बसतो. पाणघोडे फुसफुसत वर येतात, काठावर मगरी पडलेल्या, आणि पाण्यावर येणाऱ्या इंपाला हरणांचं लक्ष सगळं त्या मगरींकडे. गाइड सोबत नसल्यामुळे हे शिकावं लागतं: हरणं ताठ उभी राहून एकाच दिशेला बघत असतील तर आपणही तिकडेच बघायचं. ताडोबात अलार्म कॉल (प्राण्यांची धोक्याची हाक) ऐकायची सवय असलेल्यांना हे लवकर जमेल.

स्कुकुझा कॅम्प ते लोअर साबी हा नदीकाठचा रस्ता बिबट्यासाठी प्रसिद्ध आहे आणि तोच त्याचा त्रास. एक शेपटी झाडावरून लोंबताना दिसली की क्षणात वीसेक गाड्या आडव्यातिडव्या लागतात. सुट्ट्यांमध्ये तर विचारू नका, लक्ष्मी रोडची दिवाळी. सिंहांसाठी मला साताराच्या बाजूचा मोकळा गवताळ भाग जास्त आवडला. (हो, कॅम्पचं नाव खरंच सातारा आहे. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, मग कंदी पेढे आण.)

जायचं कधी? निःसंशय हिवाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर. पाऊस नसतो, गवत वाळून बसतं, पाणवठे मोजके उरतात आणि जनावरं तिथे येतात. पहाटे थंडी चांगलीच वाजते, स्वेटर-टोपी हवीच. डिसेंबर-जानेवारीत जंगल हिरवंगार, इंपालांची नुकती जन्मलेली पिल्लं, पक्षी भरपूर. पण गवत इतकं माजतं की बुटक्या गाडीतून त्यामागे बसलेला सिंह दिसायचा नाही. उंच गाडी भाड्याने मिळाली तर घ्या. एका भाड्याच्या गाडीवाल्याने आम्हाला ठरलेल्या एसयूव्हीऐवजी ऐनवेळी छोटी गाडी टेकवली, त्या वेळी सगळी सफर माना उंचावण्यात गेली. या पावसाळी महिन्यांत मलेरियाचा धोका जास्त असतो. गोळ्यांचं निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

भीती कशाची बाळगायची तर सिंहाची नाही, हत्तीची. गाडीत बसलेल्या माणसाकडे सिंह सहसा ढुंकून बघत नाही. एकदा कच्च्या रस्त्यावर वळणातून एक मोठा नर हत्ती समोरून आला. डोळा आणि कान यांच्यामध्ये काळपट ओघळ, मागचे पाय लघवीने ओले: माजावर आलेला. तो रस्ता सोडेना, पावलं मात्र अगदी निवांत. मी रिव्हर्समध्ये हळूहळू मागे जात राहिलो, थेट फाटा येईपर्यंत. हॉर्न नाही, इंजिन गुरगुरवणं नाही. कळपात पिल्लं असतील तर याहून लांब थांबायचं.

गेंडे दिसले तर शिंगं कापलेली बघायची तयारी ठेवा. शिकारी टोळ्यांपासून वाचवायला पार्कवालेच ती कापतात. आज कोण कुठे दिसलं ते सांगणारा नकाशा कॅम्पमध्ये लावलेला असतो, पण त्यावर गेंडा दाखवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तुम्हीही फोटो टाकताना जागा लिहू नका.

अंधार पडायच्या आत कॅम्पात परतावंच लागतं, उशीर झाला तर दंड. म्हणून पार्कच्या उघड्या ट्रकमधली रात्रीची फेरी एकदा जरूर घ्या. सर्चलाइटच्या झोतात झाडावर बुशबेबीचे (मोठ्या डोळ्यांचा छोटासा निशाचर प्राणी) डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. शाकाहारी मंडळींनी कॅम्पच्या हॉटेलवर विसंबू नये. आम्ही पोहे, खिचडीचं सामान घेऊन जातो. स्वयंपाकाची भांडी सगळ्याच खोल्यांत नसतात, बुकिंग करताना बघून घ्या. आणि खाणं बाहेर ठेवून आत जाऊ नका. वेर्वेट माकडांनी आमची केळी घडासकट पळवली.

खर्चाचं म्हणाल तर परदेशी पाहुण्याला दिवसाची प्रवेश फी इथल्या रहिवाशाच्या साधारण चौपट पडते, राहण्याचे पैसे वेगळे. चांगल्या कॅम्पमधल्या नदीकाठच्या खोल्या कित्येक महिने आधी भरतात, त्यामुळे विमानाचं तिकीट काढायच्या आधी खोली बघा. पुढचा आमचा बेत पार उत्तरेला, पुंडा मारिया आणि पाफुरीचा. तिकडे गर्दी कमी आणि पक्षी जास्त. बायकोने आत्ताच सांगून ठेवलंय, या वेळी दुर्बीण दोघांना वेगवेगळी हवी.