हिवाळ्यात इजिप्त की जॉर्डन? ठरवण्यापूर्वी पाहायच्या गोष्टी

नाताळच्या सुट्टीत किंवा जानेवारीत उबदार, वाळवंटी आणि प्राचीन इतिहास असलेल्या एखाद्या देशात जायचे असे ठरले की इजिप्त आणि जॉर्डन ही दोन नावे हमखास पुढे येतात. दोन्ही देश तसे एकमेकांच्या शेजारी आहेत, दोन्हीकडे अरबी बोलली जाते आणि दोन्हीकडे जगप्रसिद्ध अवशेष आहेत. त्यामुळे निवड अनेकदा टूर कंपनीच्या दरपत्रकावरून होते. माझ्या मते आधी महिना पाहावा, मग सोबत कोण आहे ते पाहावे आणि पैशांचा विचार त्यानंतर करावा. कारण हिवाळ्यात हे दोन देश एकमेकांपासून फार वेगळे वागतात.

सर्वांत मोठा गैरसमज हवामानाबद्दल आहे. वाळवंट म्हटले की ऊन, हे आपण गृहीत धरतो. पण जॉर्डनची राजधानी अम्मान डोंगरांवर वसलेली आहे आणि कातळात कोरलेल्या पेट्रा या प्राचीन शहराशेजारचे वादी मूसा हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर, म्हणजे जवळपास आपल्या पाचगणी-महाबळेश्वरच्या टप्प्यात आहे. त्यातच जॉर्डनचा पाऊस हिवाळ्यातच पडतो. जानेवारीत अम्मान आणि पेट्रा येथे दिवसाचे तापमान साधारण 12 अंशांपर्यंत जाते, रात्री ते तीन-चार अंशांवर येते आणि एखाद्या वर्षी बर्फही पडते. वादी रमच्या वाळवंटात तंबूतली रात्र गोठणबिंदूच्या आसपास जाऊ शकते. याच काळात इजिप्तमधील लक्सर आणि आस्वान येथे दुपारी 22-23 अंश तापमान, स्वच्छ ऊन आणि जवळजवळ शून्य पाऊस असतो. कैरो त्या मानाने गार असते. दिवसा 19, तर रात्री नऊ-दहा अंश. मात्र इजिप्तमध्येही रात्रीच्या थंडीला कमी लेखू नये. तिथल्या इमारती उन्हाळ्याचा विचार करून बांधलेल्या असतात आणि साध्या हॉटेलांत खोली गरम करण्याची सोय बहुधा नसते. लक्सरच्या एका हॉटेलात आम्ही दुपारी अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात फिरलो आणि रात्री स्वेटर घालून झोपलो.

जॉर्डनमधील पावसाचा प्रश्न केवळ गारठ्यापुरता नाही. पेट्रात शिरण्याची मुख्य वाट म्हणजे ‘सीक’ नावाची सुमारे 1.2 किलोमीटर लांबीची अरुंद घळ. वरच्या डोंगरांत पाऊस झाला की पाणी तिच्यात लोंढ्याने उतरू पाहते. 1963 मध्ये अशाच पुरात वीसहून अधिक फ्रेंच पर्यटकांचा मृत्यू झाला आणि नोव्हेंबर 2018 मधील पुराच्या वेळी हजारो पर्यटकांना पेट्रातून बाहेर काढावे लागले. ज्या नबाती लोकांनी हे शहर वसवले, त्यांना हा धोका पुरता ठाऊक होता. त्यांनी सीकच्या तोंडाशी बांध घालून पाणी डोंगरातून खोदलेल्या बोगद्यात वळवले होते आणि आजची व्यवस्थाही त्याच जागी, त्याच तत्त्वावर उभी आहे. सीकमधून चालताना कातळाच्या भिंतीत कोरलेला पाण्याचा पाट सोबत चालत राहतो. त्याच्याकडे अवश्य लक्ष द्यावे, कारण पेट्राचे खरे मोठेपण दर्शनी भागांइतकेच या जलव्यवस्थेतही आहे. व्यवहाराची गोष्ट अशी की पावसाचा इशारा असेल तर पेट्रा बंद ठेवले जाते. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीत जायचे असल्यास तिथे दोन रात्री ठेवाव्यात. एकाच दिवसावर सारी मदार ठेवू नये.

आता पाहण्यासारखे काय आहे, याकडे वळतो. ज्यांनी वेरूळ आणि अजिंठा नीट पाहिले आहे, त्यांना हा फरक चटकन कळेल. पेट्रा वेरूळच्या जातकुळीचे आहे. तिथली सर्वांत प्रसिद्ध वास्तू, सुमारे 40 मीटर उंचीचा ‘खजिना’, कैलास लेण्याप्रमाणेच कळसाकडून पायाकडे कोरत आणलेला आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या कातळात पाय ठेवण्यासाठी खोदलेल्या खोबणी आजही दिसतात. परंतु वेरूळची अपेक्षा घेऊन आत डोकावणाऱ्याची निराशा होते, कारण आत केवळ साधी, रिकामी दालने आहेत आणि पर्यटकांना आत सोडतही नाहीत. पेट्रा हे बाहेरून पाहायचे शहर आहे. दगडाचा रंग, ऊन आणि चालणे हीच तिथली श्रीमंती आहे.

इजिप्तचे वैभव मात्र आत दडलेले आहे. लक्सरच्या पश्चिम तीरावरील ‘राजांच्या खोऱ्या’त साठांहून अधिक थडगी सापडली आहेत आणि तीन हजार वर्षांनंतरही काहींमधले रंग अजिंठ्यापेक्षा ताजे वाटतात. सर्वसाधारण तिकिटात तीन थडगी पाहता येतात. तुतानखामुन, पहिला सेती आणि सहावा रामसेस यांच्या थडग्यांसाठी वेगळे तिकीट काढावे लागते. एकच जादा तिकीट काढायचे असेल तर बहुतेक लोक नावामुळे तुतानखामुनचे काढतात. मी सहाव्या रामसेसचे सुचवेन. त्याच्या दफनकक्षाच्या छतावर आकाशदेवता नुत लांबच लांब पसरलेली आहे. ती संध्याकाळी सूर्य गिळते, रात्रभर तो तिच्या देहातून प्रवास करतो आणि पहाटे तिच्याच उदरातून पुन्हा जन्म घेतो. मान दुखेपर्यंत वर पाहत राहावे असे ते छत आहे. तुतानखामुनचे थडगे लहान आहे आणि त्यातील पाच हजारांहून अधिक वस्तूंसाठी गिझाच्या पिरॅमिडांजवळचे नवे ‘ग्रँड इजिप्शियन म्युझियम’ पाहावे लागते. नोव्हेंबर 2025 मध्ये ते पूर्णपणे खुले झाले आणि त्यासाठी अख्खा दिवस राखून ठेवावा.

या दोन्ही प्रदेशांशी आपल्या किनाऱ्याचा जुना संबंध आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत तांबड्या समुद्रावरील बंदरातून पेट्राकडे जाणाऱ्या वाटेचा उल्लेख येतो आणि त्याच मार्गदर्शिकेत पुढे आपले कल्याणही येते. ठाणे-कल्याणकडच्या वाचकाने पेट्राच्या बाजाररस्त्यावर उभे राहताना ही गोष्ट मनात ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

अंतरांचा आणि शरीराच्या कष्टांचा हिशेब मात्र अपेक्षेच्या उलट लागतो. इजिप्त लांबच लांब पसरलेला देश आहे: कैरो ते लक्सर सुमारे 650 किलोमीटर आणि आस्वान ते अबू सिंबेल आणखी 280. तरीही सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन जायचे असेल तर इजिप्तच सोपे पडते, कारण लक्सर-आस्वान प्रवासात तीन-चार रात्री नाईलवरील क्रूझ हेच हॉटेल असते. सामान एकदाच लावायचे, जेवण वेळेवर मिळते आणि एदफू व कोम ओम्बोची मंदिरे वाटेतच येतात. एक अडचण आधी सांगून ठेवतो. धक्क्यावर जहाजे एकमेकांना खेटून उभी केलेली असतात आणि किनाऱ्यावर जायला कधी कधी तीन-चार जहाजांच्या स्वागतकक्षांतून, प्रत्येक वेळी उंबरठा ओलांडत जावे लागते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी काठी सोबत ठेवावी. अबू सिंबेलसाठी पहाटे चारच्या सुमारास निघावे लागते. आस्वानच्या धरणाचे पाणी चढू लागले तेव्हा 1964 ते 1968 या काळात हे मंदिर तुकडे करून सुमारे 65 मीटर वर हलवण्यात आले. ते समोर पाहिल्यावर झोपमोडीची तक्रार कुणी करत नाही.

जॉर्डनमध्ये अंतरे लहान आहेत. अम्मान ते पेट्रा तीन तास आणि तिथून वादी रम दोन तासांच्या आत. जेराशचे रोमन नगर आणि मृत समुद्र धरून पाच-सहा रात्रींत हा देश नीट पाहून होतो. इजिप्तला आठ-नऊ रात्रींखाली हात घालू नये. पण जॉर्डनमध्ये पायांची परीक्षा आहे. पेट्राच्या प्रवेशद्वारापासून खजिन्यापर्यंतच जवळपास दोन किलोमीटर चालावे लागते. तिथवर विजेवरच्या छोट्या गाड्या मिळतात, परंतु डोंगरावर कोरलेल्या ‘अद-दैर’ या वास्तूपर्यंतच्या सुमारे 800 पायऱ्या स्वतःच चढायच्या असतात. ज्यांना सह्याद्रीतले गड चढण्याची सवय आहे, त्यांना हा दिवस आयुष्यभर आठवेल.

खर्चात जॉर्डन महाग आहे. दिनार डॉलरला बांधलेला असून एका दिनाराला सुमारे 1.41 डॉलर पडतात आणि पेट्राचे एका दिवसाचे तिकीटच 50 दिनार आहे. त्यामुळे 70 दिनारांपासून मिळणारा ‘जॉर्डन पास’ आधी ऑनलाइन काढणे शहाणपणाचे ठरते; त्यात पेट्रासह चाळीसेक स्थळे येतात आणि देशात किमान तीन रात्री राहिल्यास व्हिसाचे शुल्कही माफ होते. इजिप्तचा पाउंड मार्च 2024 मध्ये एकदम घसरला, त्यामुळे तिथे जेवण आणि टॅक्सी आपल्याला स्वस्त वाटतात. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात मात्र क्रूझचे दर चढे असतात, म्हणून शक्य असेल त्यांनी जानेवारीचा दुसरा पंधरवडा धरावा. अनेक स्थळांवर तिकीट कार्डानेच घ्यावे लागते, पण ‘बक्षीश’साठी सुटे पैसे खिशात हवेतच. गिझाला उंटवाले आणि विक्रेते फार मागे लागतात. ‘ला, शुक्रन’ (नको, धन्यवाद) एवढे म्हणून, न थांबता पुढे चालत राहावे. जॉर्डनमध्ये हा जाच बराच कमी आहे.

शाकाहारी मंडळींनी इजिप्तला घाबरण्याचे कारण नाही. भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, तळलेला कांदा आणि टोमॅटोचा रस्सा यांचा ‘कोशरी’ हा पदार्थ रस्तोरस्ती मिळतो आणि त्यात मांस नसते. जॉर्डनमध्ये हम्मस, फलाफल आणि वांग्याचे मुतब्बल यांवर निभावते, परंतु तिथला मानाचा पदार्थ मन्साफ मटणाचा असतो.

म्हणून डिसेंबर-जानेवारी, सोबत ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुले आणि हाताशी नऊ-दहा दिवस असतील तर मी निःशंकपणे इजिप्त सुचवेन. जेमतेम आठवडा असेल आणि चालण्याची आवड असेल तर जॉर्डनला जावे, पण शक्यतो मार्चमध्ये, जेव्हा पाऊस ओसरतो आणि डोंगर हिरवे होतात. तारखा पक्क्या करताना रमजानही पाहावा, कारण तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2027 मध्ये तो 8 फेब्रुवारीच्या सुमारास, तर 2028 मध्ये जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल. त्या महिन्यात अनेक स्थळे लवकर बंद होतात आणि दिवसा उपाहारगृहे कमी उघडी असतात. मात्र सूर्यास्तानंतरच्या कैरोतील गल्ल्यांमधली दिव्यांची रोषणाई पाहायची असेल, तर मुद्दाम त्याच दिवसांत जावे.